वरचे खाली कसे आले

उंच क्रेन चालवणाऱ्या माणसाला उंचीची भीती बसली, ही बातमी आमच्या इमारतीत साडेबाराला आली आणि एक वाजेपर्यंत तिला हातपाय फुटले होते. न्हाव्याच्या दुकानात ती अशी होती : "अहो, वर बसल्या बसल्या डोळेच फिरले. खांबाला मिठी मारून रडत होता म्हणे. लहान पोरासारखा." तळमजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंकडे पोचेपर्यंत तिच्यात अग्निशमन दल शिरलं. "चार जणांनी दोरीनं बांधून उतरवला. माझ्या भाच्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं." भाचा त्या आठवड्यात परगावी होता, पण डोळे बहुधा इथेच ठेवून गेला असावा.

बातमीला एक पुरावा होता आणि तो खरा होता. साइटवर चाळीस वॉकी-टॉकी, सगळे एकाच चॅनेलवर, आणि त्या चाळीसही डब्यांतून सगळ्यांनी ऐकलं होतं : "मला उतरवत नाहीये."

वाक्य खरं, अर्थ साफ चुकीचा. उंचीनं त्यांचं कधी काही वाकडं केलं नव्हतं. त्या दिवशी त्यांना लघवी होत नव्हती, एवढंच.

ते म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. त्यांना नाव होतं, पण साइटवर ते कुणी वापरत नसे. जमिनीपासून साठ मीटरवर, काचेच्या केबिनमध्ये बसून बावीस वर्षं सळया, विटा नि काँक्रीटच्या बादल्या उचलणारा माणूस तो 'वरचे'. "विटा कधी येणार?" "वरच्यांची मर्जी." "वारा वाढला तर?" "वरच्यांना विचार." देव मानणारे आणि न मानणारे, दोघांचं या एका बाबतीत एकमत होतं. आणि जमिनीवर उभा राहून त्यांना दिशा सांगणारा तो 'खालचा'. बादली नेमकी कुठे टेकते ते वरून दिसत नाही, म्हणून वरचे डोळ्यांनी नाही, खालच्याच्या आवाजानं काम करायचे. तो आवाज म्हणजे रिकाम्या पिंपात बोलावं तसा. "वरचे, डावीकडे. थोडं. थोडं. थोडंच. अजून थोडं. बास बास बास." एकोणीस वर्षं. मावशीनं संसारात एवढ्या वेळा बास म्हटलं नसेल.

वर मुतारी नसते. दहा टप्प्यांची लोखंडी शिडी, उतरायला बारा मिनिटं, चढायला वीस, आणि तेवढा वेळ खाली साठ माणसं हात बांधून उभी. म्हणून क्रेनवाले पाणी बेतानं पितात आणि एक बाटली बरोबर नेतात. वरच्यांना ज्यांनी काम शिकवलं त्या म्हाताऱ्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "पगाराबरोबर दोन गोष्टी फुकट मिळतात बाबा, कंबर आणि लघवी. दोन्हीची तक्रार करायची नाही." कंबर अशासाठी की पायाखालच्या काचेतून बघायला दिवसभर वाकून बसावं लागतं.

तेव्हा छप्पन्नाव्या वर्षी वरच्यांची धार बारीक झाली, तासातासाला बाटली लागायला लागली, तेव्हा त्यांनी काय केलं, तर मोठी बाटली आणली. कंबर रात्रंदिवस ठणकायला लागली तेव्हा खुर्चीची उशी बदलली. दुपारच्या सुटीत त्यांनी आजूबाजूच्या साइटवरच्या क्रेनवाल्यांना विचारून पाहिलं. सहा जण, सहाही जणांनी मान हलवली. "मला पण." "मला तर चाळिशीपासून." "अरे, ते तर आपल्या धंद्याचंच." त्या सहाही जणांना नुसता धंदा होता आणि सातव्याला, म्हणजे विचारणाऱ्याला, दुसरंच काही होतं, पण तोंडावरून ते कुणाला ओळखता येणार? वरचे उलट खूश झाले. आपण काही वेगळे नाही म्हणून. पुढची दोन वर्षं त्यांनी त्या खुशीत काढली.

त्या दिवशी सकाळी सातला ते वर गेले. नऊला बाटली घेतली, काही नाही. दहाला पुन्हा घेतली. आत गच्च, बाहेर थेंब नाही. साडेदहाला ओटीपोट असं ताठलं की काचेवर वाकता येईना. हुकाला काँक्रीटनं भरलेली बादली लटकलेली आणि खाली स्लॅबवर बारा माणसं. वरच्यांनी आधी ती बादली टेकवली. खालचा अजून सांगतो, "एवढासा धक्का नाही. लोणी ठेवावं तशी ठेवली." मग त्यांनी वॉकी-टॉकीचं बटण दाबलं आणि ते वाक्य म्हणाले.

खालचा शिडी चढून वर गेला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. उतरायला दीड तास लागला. पाय वाकवला की पोट दाबलं जायचं, आणि पाय न वाकवता शिडी उतरायची विद्या अजून कुणी काढलेली नाही. दर टप्प्यावर वरचे खालच्याच्या खांद्यावर डोकं टेकून उभे राहायचे आणि खालचा म्हणायचा, "काही नाही वरचे, काही नाही," आणि हे बटणावर बोट ठेवूनच, म्हणजे चाळीस डब्यांना ऐकू जाईल असं. जमिनीला पाय लागले त्याच क्षणी आतलं कुलूप अर्धवट उघडलं. राखाडी पँट काळी होत होत बुटापर्यंत गेली. साठ माणसं बघत होती. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं वरचे नंतर म्हणाले. हसणाऱ्याला शिवी तरी देता येते.

दवाखान्यातून नळी आणि पिशवी लावून घरी आल्यावर त्यांनी मावशीला विचारलं, "लोक काय म्हणतायत?"

"उंचीची भीती बसली म्हणतायत. मी सांगून येते सगळ्यांना खरं काय ते."

"नको. म्हणू दे."

"अहो, पण ती बाई तर अग्निशमन दल..."

"म्हणू दे म्हटलं ना. उंचीची भीती बरी आहे."

मग तपासण्या सुरू झाल्या. डॉक्टर अतिशय सभ्य माणूस. 'तुम्ही' हा शब्द त्यांच्या तोंडात नव्हताच, सगळं 'आपण'. आवाज असा की बाजूला कुणीतरी झोपलंय. "आपण जरा रक्त देऊया हं. आपण आता कुशीवर वळूया. आपल्याला किंचित टोचेल." बारा वेळा टोचलं, आणि वरच्यांच्या म्हणण्याप्रमाणे बाराही वेळा एकालाच. आठवड्यानं डॉक्टरांनी एका कागदावर मूत्राशय काढलं, त्याच्या तोंडाशी अक्रोडाएवढं काहीतरी काढलं, त्या अक्रोडावर पेनानं टिचक्या मारत म्हणाले, "आपल्याला प्रोस्टेटचा कॅन्सर आहे."

"दोघांनाही?" वरचे म्हणाले.

डॉक्टर हसले नाहीत. "आणि तो आपल्या हाडांत उतरलाय. खुब्यात आणि कंबरेच्या मणक्यांत."

"मग बरा कधी होणार?" मावशीनं विचारलं.

"आपण त्याला आटोक्यात ठेवू."

मावशी घरी येईपर्यंत तो शब्द तोंडात घोळवत होती. आटोक्यात म्हणजे चांगलंच की. आटोक्यात म्हणजे पसरणार नाही. वरच्यांनी तो तोलून पाहिला. बावीस वर्षं वजनं हाताळलेला माणूस तो. ओझं खाली ठेवणं आणि ओझं लटकवून ठेवणं, यातला फरक त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

दर तीन महिन्यांनी पोटात एक इंजेक्शन ठरलं. पुरुषाच्या रक्तात जे पुरुषपण फिरतं त्यावर हा आजार पोसला जातो, तेव्हा तेच बंद करायचं, अशी त्यातली युक्ती. बंद झालं. महिन्याभरात त्यांना अंगातून वाफा यायला लागल्या. बसल्या जागी मानेपासून कपाळापर्यंत लाल, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला, आणि पाच मिनिटांनी तोच शर्ट गार.

"आलं?" मावशी विचारायची.

"आलं."

"बसा तिथंच. पंखा लावते. मला यायचं तेव्हा तुम्ही काय म्हणायचा, आठवतंय का काही?"

"काय म्हणायचो?"

"मनाचे खेळ आहेत म्हणायचा."

वरचे शर्टाचं बटण सोडायचे. मावशी पंखा पाचवर नेऊन ठेवायची आणि स्वतः शाल घेऊन बसायची. त्या काळात दोघं कुठल्या ऋतूत राहतात ते बाहेरच्याला कळलं नसतं.

मग छाती सुटायला लागली. बनियनखाली दोन उंचवटे आले, हात लागला तरी दुखणारे. त्यांनी दोन नंबर मोठे शर्ट घेतले आणि न्हाव्याकडे जाणं सोडलं, कारण न्हावी चादर बांधताना तिथेच हात दाबतो. दंडातली ताकद गेली. पाण्याची बादली उचलताना मध्येच ठेवावी लागायची, आणि ती ठेवताना ते आजूबाजूला बघायचे, कुणी पाहिलं का. रडू कधीही यायचं. पिक्चर बघून नाही. हवामानाचा अंदाज बघून. बातम्यांतली ती बाई ठरल्या सुरात म्हणायची, "उद्या वाऱ्याचा वेग ताशी पन्नास किलोमीटर राहील," आणि वरच्यांचे डोळे भरायचे. पन्नासला क्रेन बंद ठेवतात. बावीस वर्षं तो आकडा ऐकून त्यांनी इंजिनिअरला फोन केला होता. आता वारा कितीही सुटला तरी ते कुणाला कळवायचं नव्हतं.

आतल्या पलंगापासून बाथरूम चौदा पावलं, बाहेरच्या बाकापासून सहा. वरचे बाकावर झोपायला लागले. सांगताना पावलांचाच हिशोब सांगितला. एकदा भर दुपारी ते बाकावर बसले होते आणि मावशीनं जाता जाता त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तर ते उठून चष्मा शोधायला लागले. चष्मा नाकावर होता.

"मला काही नकोय हो," मावशी म्हणाली. "नुसता हात ठेवलाय."

"माहीत आहे," ते म्हणाले. "म्हणूनच."

नळी निघाल्यावर नवीनच प्रकार. आधी येत नव्हतं, आता थांबत नव्हतं. हसलं की, खोकलं की, खुर्चीतून उठलं की. औषधाच्या दुकानातल्या मुलीचा आवाज बाजारात भाजी विकायला हवा होता, पण ती गोळ्या विकत होती. "मोठ्यांचे पॅड ना? आजींसाठी का, काका? साइज सांगा. कंबर किती आजींची?" वरच्यांनी तिथल्या तिथे एक आजारी आजी जन्माला घातली आणि तिची कंबर छत्तीस सांगितली. पुढे दर पंधरा दिवसांनी ती मुलगी आजींची चौकशी करायची आणि वरचे त्या आजींची प्रकृती इमानदारीनं खालावत न्यायचे.

शहर त्यांनी बावीस वर्षं वरून पाहिलं होतं; छपरं, टाक्या, कुणाची गच्ची कुठे गळते. आता ते त्यांना मुताऱ्यांवरून पाठ झालं. पेट्रोल पंपावरची स्वच्छ, पण किल्ली मागावी लागते. बँकेतला पहारेकरी समजूतदार. वाचनालयाची दुपारी एक ते तीन बंद. चौथा रस्ता त्यांनी सोडूनच दिला. त्याच्यावर काही नव्हतं. आणि चौथ्या रस्त्यावर त्यांचा सख्खा भाऊ राहत होता.

कंपनीनं काढलं नाही, हे कंपनीचं कौतुक. त्यांना त्याच साइटवर स्टोअरमध्ये बसवलं. हेल्मेट द्यायची, हातमोजे द्यायचे, वहीत सही घ्यायची. मुतारी शेजारीच. खुर्चीही बरी. अडचण एकच होती, टेबलावरचा वॉकी-टॉकी. तो बंद ठेवायची परवानगी नव्हती. पहिल्याच सकाळी त्यातून खालच्याचा आवाज आला, "वरचे, उजवीकडे. थोडं," आणि वरचे खुर्चीतून अर्धे उठले. हात हवेत, लिव्हर असायचं तिथे. दुसऱ्या कुणाचा तरी कोवळा आवाज म्हणाला, "हो, घेतो." नवा क्रेनवाला. नाव त्या केबिनचं होतं, माणसाचं नव्हतं, हे वरच्यांना तोवर ठाऊक नव्हतं. साइटवर आता त्यांना सगळे स्टोअरवाले काका म्हणत.

खालचा दुपारी येऊन समोर उभा राहिला. "मी काय करू? जिभेला वळण पडलंय. दुसरं काही म्हटलं तर माझंच चुकतं."

"मी कुठे काय म्हणालो?"

"नाही म्हणालात तेच वाईट आहे."

"हातमोजे हवेत का?"

"नकोत."

"मग सही पण नको. जा."

असं एक वर्ष गेलं. रक्तातला आकडा, ज्यावरून आजाराचा जोर कळतो, तो दोनशेवरून नऊवर आला, मग दोनवर. मावशी तो आकडा ओळखीच्या बायकांना मुलाच्या मार्कांसारखा सांगायची, फक्त उलटा. इमारत पूर्ण होत आली. आणि एका बुधवारी इंजिनिअरनं जाहीर केलं की सोमवारी क्रेन उतरवायची. तुकडे सुटे करून ट्रकवर चढवायचे.

ते ऐकल्यावर वरच्यांच्या मनात एकच गोष्ट बसली, आणि ती ते कुणापासून लपवतही नव्हते. क्रेनवरून आपण शेवटचं उतरलो ते ओल्या पँटीनं, दुसऱ्याच्या खांद्यावर. ते शेवटचं राहू नये. एकदा वर जायचं, केबिनमध्ये पाच मिनिटं बसायचं, हुक सावकाश वर घ्यायचा, आणि मग आपल्या पायांनी बारा मिनिटांत खाली. बस. पुढे जे व्हायचं ते होवो.

ते इंजिनिअरकडे गेले. इंजिनिअरचं प्रत्येक वाक्य होकारानं सुरू व्हायचं. "माझी काहीच हरकत नाही. माझ्याकडून शंभर टक्के हो. तुमच्यासाठी नाही तर कुणासाठी? फक्त काय आहे ना, एक डॉक्टरांची चिठ्ठी तेवढी आणा. नाही, माझ्यासाठी नाही. मला काहीच नको."

शुक्रवारी ते चिठ्ठीसाठी डॉक्टरांकडे गेले. त्याच दिवशी तिमाहीच्या रक्ताचा रिपोर्ट घ्यायचा होता. डॉक्टरांनी आधी तो वाचला, आणि वाचून झाल्यावर दोन वेळा टाचणी काढून लावली. "आपला आकडा एकतीस आलाय."

"दोन होता."

"हो. इंजेक्शनला तो आता दाद देत नाहीये. आपण दुसरं काहीतरी बघूया."

"दुसऱ्यानं किती?"

"आपण महिन्यांत बोलूया, वर्षांत नको."

वरच्यांनी मान हलवली आणि तरीही चिठ्ठीचं विचारलं. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यावर लावला, खुब्याचा. हाड असायला हवं तिथे वाळवी लागल्यासारखं दिसत होतं. "यावर आपण जिना चढतोय हेच खूप आहे," डॉक्टर म्हणाले. चिठ्ठी दिली नाही. रिपोर्ट वरच्यांनी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला, आणि घरी मावशीनं "काय आला आकडा?" विचारल्यावर "यंत्र बिघडलंय त्यांचं, सोमवारी देतो म्हणाले," असं सांगितलं. मावशीनं त्या यंत्राला चार शब्द ऐकवले.

चिठ्ठीशिवायचा मार्ग खालच्यानं काढला. रविवारी साइट बंद, गेटवर एकटा पहारेकरी. वरच्यांनी घरी सांगितलं की जरा चालून येतो, आणि मावशीनं मला त्यांच्याबरोबर लावून दिलं. "पडले बिडले तर फोन कर." पहारेकऱ्यानं आम्हाला आत घेतलं आणि खुर्ची फिरवून रस्त्याकडे तोंड करून बसला. "माझी मान धरलीय आज," तो म्हणाला. "मागे वळवतच नाही."

क्रेनच्या बुडाशी उभं राहून वर बघितलं की केबिन काडेपेटीएवढी दिसत होती. वरच्यांनी सुरक्षेचा पट्टा बांधला. मी वॉकी-टॉकी धरून खाली थांबायचं होतं.

"मी काही पोचत नाही," वरचे म्हणाले.

"पोचाल," मी म्हणाले.

"लाव पैज."

"स्वतःच्या विरुद्ध पैज लावतात का कुणी?" खालचा म्हणाला.

"तू शिडी बघ." त्यांनी खिशातून तो रिपोर्ट काढला, मला वाचायला दिला, आणि डॉक्टर महिन्यांबद्दल काय म्हणाले तेही सांगितलं. "हे तुझ्या मावशीला कुणीतरी सांगायला हवं. केबिनपर्यंत पोचलो तर मी हरलो, आज मी सांगतो. नाही पोचलो तर तू हरलीस. तू सांगायचं. कबूल?"

मी कबूल म्हटलं. पैज न पोचण्याची होती, आणि तयारी सगळी पोचण्याची. आदल्या संध्याकाळपासून त्यांनी पाणी घेतलं नव्हतं. एकावर एक दोन पॅड लावले होते. दुखण्याच्या दोनऐवजी तीन गोळ्या घेतल्या होत्या. दाढी केली होती, आणि पांढरा शर्ट इस्त्रीचा होता.

पहिला टप्पा ते चार मिनिटांत चढले. खालचा त्यांच्या मागोमाग, एक पायरी खाली. वॉकी-टॉकीत दोघांचे श्वास येत होते आणि मध्ये मध्ये पिंपातला आवाज. "उजवा. थोडं. ठेवला. आता डावा. थोडं." दुसऱ्या टप्प्याला नऊ मिनिटं. तिसऱ्यावर ते बराच वेळ उभे राहिले. मग चौथा. चौथ्याच्या फळीवर पोचले आणि वाफ आली. खालूनसुद्धा दिसलं, पांढरा शर्ट पाठीवर पारदर्शक होत गेला. ते फळीवर बसले.

"काय दिसतंय?" मी विचारलं.

"स्टोअरचं छत," ते म्हणाले. "कुणाचा तरी एक हातमोजा पडलाय त्याच्यावर. वहीत नोंद नाही."

वाफ ओसरल्यावर ते उठले. उजवा पाय पायरीवर ठेवला, अंगाचा भार टाकला, आणि बटण दाबलेलं नसतानाही मला वरून एक आवाज ऐकू आला. ओरडणं नव्हतं ते. दार फुगून चौकटीत अडकतं आणि आपण ओढतो, तसं काहीतरी. पाय खाली घेतला. पुन्हा ठेवला. पुन्हा घेतला. खालचा काही बोलत नव्हता. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. तिसऱ्यांदा वरच्यांनी दोन्ही हातांनी शिडी धरली आणि नुसत्या हातांवर अंग वर ओढायला गेले. तेही जमलं नाही. ते दंड आता बादली अर्ध्या वाटेत ठेवणारे होते. मग ते तसेच, कपाळ पायरीला टेकून उभे राहिले. डोक्यावर सहा टप्पे बाकी होते.

"बास," वरचे स्वतःच म्हणाले.

उतरताना खालचा खालून त्यांचा घोटा हातात धरायचा आणि बूट एकेका पायरीवर नेऊन ठेवायचा. मूल चालायला शिकताना आपण करतो तसं, फक्त उलट्या दिशेनं. चार टप्पे उतरायला त्या दिवशीच्या दहा टप्प्यांपेक्षा जास्त वेळ लागला. दोन पॅड पुरले नाहीत. जमिनीवर आल्यावर त्यांनी पांढरा शर्ट पँटीतून बाहेर काढला आणि जमेल तेवढा खाली ओढला.

"त्या दिवशी निदान साठ माणसं होती," ते म्हणाले.

खालच्यानं स्वतःचं जाकीट काढून त्यांच्या कमरेला बांधलं. पहारेकऱ्याची मान तशीच धरलेली होती. घरापर्यंतच्या रस्त्यात पेट्रोल पंप लागला, बँक लागली. ते कुठेच थांबले नाहीत. आता थांबायचं कशासाठी? इमारतीच्या जिन्याशी त्यांनी कठडा धरला आणि तीन मजले चढायला पंधरा मिनिटं घेतली. मी मागून, दोन पायऱ्या सोडून.

मावशीनं दार उघडलं. तिची नजर आधी जाकिटावर गेली, मग माझ्यावर. वरचे तिच्या बाजूनं भिंतीला धरून आत गेले, बाथरूमचं दार लावलं आणि नळ पूर्ण सोडला.

"फार चालवलंस का गं त्यांना?" मावशी म्हणाली.

पैज मी हरले होते. मी चपला काढल्या, तिला बाकावर बसायला सांगितलं, आणि रिपोर्टची घडी उघडली.